आभासी संगणकातील घड्याळाचे विचलन
व्हर्च्युअल मशीनची वेळ खऱ्या वेळेपासून सरकत जाणे. मशीन थोपवून पुन्हा सुरू केले, की मधला काळ त्याच्या हिशेबातून गळतो. व्हीएमवेअर टूल्स, व्हर्च्युअलबॉक्स गेस्ट अॅडिशन्स ही साधने तो भरून काढतात. मात्र लिनक्सचा कर्नल बदलल्यावर गेस्ट अॅडिशन्सची मॉड्यूल्स नव्याने बांधावी लागतात आणि बहुतेकदा गाडी इथेच अडते. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर ते विचलन नव्हे. यूटीसी आणि भारतीय प्रमाणवेळ यांची ती गल्लत आहे. सातारा-सांगलीतील कंपन्या व सरकारी कार्यालयांनाही सर्ट-इन या केंद्रीय सायबरसुरक्षा संस्थेचा 28 एप्रिल 2022 चा निर्देश लागू होतो : घड्याळे एनआयसी, राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा किंवा त्यांच्याशी जोडलेल्या एनटीपी सर्व्हरशी जुळवावीत. व्हर्च्युअल मशीनच्या आत क्रोनी ही एनटीपीवरून वेळ जुळवणारी सेवा चालू असेल, तर टूल्सची नियतकालिक वेळजुळणी बंद ठेवणेच उत्तम. दोघांच्या ओढाताणीत लॉगमधील नोंदींचा क्रम बिघडतो.