बीटल्सचे 'ईशर डेमो': अर्धवट गाणी चाहत्यांना तयार गाण्यांपेक्षा जास्त का आवडतात?

बीटल्सच्या चाहत्यांमध्ये एक वाद कधीच संपत नाही. २२ नोव्हेंबर १९६८ रोजी आलेला 'व्हाइट अल्बम' चांगला, की त्याच्या सहा महिने आधी घरी बसून केलेलं कच्चं रेकॉर्डिंग चांगलं? हे कच्चं रेकॉर्डिंग 'ईशर डेमो' म्हणून ओळखलं जातं. अधिकृतपणे ते सगळं ऐकायला मिळायला ५० वर्षं लागली. पण त्याच्या बऱ्याच आधीपासून चाहते त्यावर तावातावाने बोलत होते. हे डेमो काय आहेत आणि त्यांच्याबद्दलचे दावे कितपत टिकतात, ते पाहूया.

डेमो म्हणजे काय?

नाटकाचा प्रयोग होण्याआधी तालीम होते, तसा गाण्याचा डेमो असतो. चाल आणि शब्द विसरू नयेत, सोबतच्या वादकांना गाणं समजावं, एवढ्यासाठी तो केलेला असतो. तो लोकांना ऐकवायचा हेतू नसतो. त्यामुळे त्यात चुका असतात, शब्द अपुरे असतात, मध्येच कुणी हसतं, शिट्टी वाजवतं.

ऋषिकेशहून ईशरपर्यंत

या गाण्यांची सुरुवात भारतात झाली. फेब्रुवारी १९६८ मध्ये बीटल्सचे चौघेही महर्षी महेश योगींच्या ऋषिकेश इथल्या आश्रमात ध्यान शिकायला आले. रिंगो स्टार साधारण दहा दिवसांत परतला, पॉल मॅकार्टनी मार्चमध्ये गेला आणि जॉन लेनन व जॉर्ज हॅरिसन एप्रिलपर्यंत राहिले. इथे स्टुडिओ नव्हता, ड्रम नव्हते. हाताशी होती ती साधी गिटार. आश्रमात आलेला गायक डोनोव्हन याच्याकडून लेनन बोटांनी तारा छेडण्याची एक पद्धत शिकला. 'डिअर प्रुडन्स' आणि 'जूलिया' या गाण्यांत ती ऐकू येते.

मे महिन्याच्या अखेरीस, इंग्लंडमधल्या सरे परगण्यात ईशर या गावी, हॅरिसनच्या 'किनफॉन्स' नावाच्या बंगल्यात ही गाणी चार ट्रॅकच्या टेप रेकॉर्डरवर उतरवली गेली. लगेच, ३० मे रोजी, लंडनच्या स्टुडिओत अल्बमचं काम सुरू झालं.

२७ गाण्यांचं पुढे काय झालं?

आज उपलब्ध असलेल्या २७ डेमोंपैकी १९ गाणी 'व्हाइट अल्बम'मध्ये आली. उरलेल्या आठांचा प्रवास जास्त रंजक आहे.

- 'मीन मिस्टर मस्टर्ड' आणि 'पॉलिथिन पॅम' ही गाणी १९६९ च्या 'अ‍ॅबी रोड'मध्ये आली.
- 'जंक' मॅकार्टनीने १९७० च्या आपल्या पहिल्या एकल अल्बममध्ये घेतलं.
- 'चाइल्ड ऑफ नेचर'मध्ये चक्क ऋषिकेशचा उल्लेख आहे. लेननने चाल तीच ठेवून शब्द बदलले आणि १९७१ मध्ये त्याचं 'जेलस गाय' झालं.
- 'सावर मिल्क सी' हॅरिसनने १९६८ मध्येच जॅकी लोमॅक्स या गायकाला दिलं.
- 'नॉट गिल्टी'चे स्टुडिओत शंभराच्या आसपास टेक झाले, तरी ते अल्बममधून वगळलं गेलं. हॅरिसनने ते १९७९ मध्ये स्वतःच्या अल्बममध्ये आणलं.
- 'सर्कल्स'ला तर १९८२ उजाडावं लागलं. तेही हॅरिसनच्याच अल्बममध्ये आलं.
- 'व्हॉट्स द न्यू मेरी जेन' स्टुडिओत रेकॉर्ड झालं, पण बीटल्स असेपर्यंत बाहेर आलं नाही.

चाहत्यांच्या हाती कसे लागले?

१९८८ मध्ये अमेरिकेत 'द लॉस्ट लेनन टेप्स' ही रेडिओ मालिका सुरू झाली. तिच्यात यातले काही डेमो वाजले आणि लोकांनी ते घरी टेप केले. मग त्यांच्या बूटलेग, म्हणजे परवानगीशिवाय काढलेल्या प्रती फिरू लागल्या. १९९६ च्या 'अँथॉलॉजी ३'मध्ये सात डेमो अधिकृतपणे आले. सगळे २७ आले ते नोव्हेंबर २०१८ मध्ये, 'व्हाइट अल्बम'च्या पन्नाशीनिमित्त.

दावा पहिला: 'साधेपणामुळे गाणं जास्त भिडतं'

हा दावा काही गाण्यांपुरता खरा वाटतो. 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'च्या तयार रूपात एरिक क्लॅप्टनची इलेक्ट्रिक गिटार आहे आणि बहुतेकांचं लक्ष तिच्याकडेच जातं. डेमोत हॅरिसनचा आवाज आणि साधी गिटार समोर येते, त्यामुळे गाण्यातली उदासी जास्त जवळून जाणवते.

पण 'हॅपिनेस इज अ वॉर्म गन' घ्या. डेमोत ते अर्धंच आहे, शेवटचा गाजलेला भाग त्यात नाहीच. 'हेल्टर स्केल्टर' तर या २७ मध्ये नाही. म्हणजे अल्बम बाजूला ठेवून फक्त डेमो ऐकायचे म्हटलं, तर बरंच काही हातचं जातं.

दावा दुसरा: 'इथे ते अजून मित्र होते'

हा सगळ्यात भावनिक मुद्दा आहे. स्टुडिओतले पुढचे महिने कटकटीचे गेले. 'ओब-ला-डी, ओब-ला-डा' कित्येक दिवस पुन्हा पुन्हा वाजवून बाकीचे वैतागले. जुलैमध्ये ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक काम सोडून गेला. ऑगस्टमध्ये खुद्द रिंगो बँड सोडून गेला आणि सुमारे दोन आठवड्यांनी परतला. १९७० मध्ये बँड फुटला.

हे ठाऊक असलेल्या माणसाने डेमोतल्या टाळ्या आणि हसणं ऐकलं की गलबलून येतं. मात्र टेपवर येतं ते फक्त वाजवलेलं. खोलीत आधी-नंतर काय चाललं होतं, ते त्यावर कळत नाही. पुढे काय होणार हे आपल्याला माहीत असतं, म्हणून त्या हसण्याला एवढं वजन येतं. हा गोडवा थोडा टेपचा आहे आणि थोडा ऐकणाऱ्याचा.

दावा तिसरा: 'हे सगळं लपवून का ठेवलं?'

इथे चाहत्यांचं प्रेम आणि कलाकाराचा हक्क समोरासमोर येतात. २०१९ मध्ये रेडिओहेड या ब्रिटिश बँडच्या १९९७ च्या 'ओके कॉम्प्युटर' अल्बमच्या काळातलं, १८ मिनीडिस्कवरचं खासगी रेकॉर्डिंग बाहेर फुटलं. त्यासाठी दीड लाख डॉलर मागितले गेल्याचं गिटारवादक जॉनी ग्रीनवूडने सांगितलं. बँडने पैसे देण्याऐवजी ते सगळं रेकॉर्डिंग स्वतःच १८ पौंडांना १८ दिवस विक्रीला ठेवलं आणि रक्कम 'एक्स्टिंक्शन रिबेलियन' या पर्यावरण चळवळीला दिली.

चाहत्यांना खजिना मिळाला, हे खरं. पण तो बँडने आपणहून उघडला नव्हता. ईशर डेमोंच्या बाबतीतही २०१८ पर्यंत लेनन आणि हॅरिसन हयात नव्हते. 'हे लोकांना ऐकवू का?' हा प्रश्न त्यांना विचारणं शक्यच नव्हतं.

'एआयने लेननचा आवाज बनवला' हे खरं आहे का?

नाही. २०२३ मध्ये आलेलं 'नाऊ अँड देन' लेननने १९७० च्या दशकात घरी कॅसेटवर केलेल्या डेमोवर आधारित आहे. त्यातला आवाज पियानोच्या आवाजात मिसळलेला होता. संगणकाने तो वेगळा काढला, नव्याने तयार केला नाही. त्यामुळे 'हरवलेला डेमो सापडला' अशी क्लिप पुढे ढकलण्याआधी ती अधिकृत अल्बममध्ये आहे का, हे पाहिलेलं बरं.

स्वतः ठरवायचं असेल तर

तीन गाण्यांची दोन्ही रूपं लागोपाठ ऐका: 'ब्लॅकबर्ड', 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' आणि 'हॅपिनेस इज अ वॉर्म गन'. पहिल्याच्या तयार रूपातही मुख्यतः एक गिटार आणि एकच आवाज असल्याने फरक थोडा आहे. दुसऱ्यात गाण्याचा स्वभावच बदलतो. तिसऱ्यात स्टुडिओने गाणं पूर्ण केलं. 'डेमो चांगला की अल्बम' याचं एकच उत्तर का मिळत नाही, ते या तीन जोड्यांतच कळतं.