मेंदूतील धमनीविस्फार : क्लिपपासून प्रवाहवळण स्टेंटपर्यंत
मेंदूतील धमनीला आलेला फुगा, म्हणजेच धमनीविस्फार, फुटल्यास मृत्यू ओढवू शकतो. १९३७ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून त्याच्या मानेला क्लिप लावली. क्लिपच्याच कालखंडात, १९५१ मध्ये, डॉ. राम गिंडे यांनी मुंबईत मेंदूशस्त्रक्रियेची पायाभरणी केली. १९९१ पासून गुग्लिएल्मी यांच्या कॉइलने धमनीमार्गे फुगा भरता येऊ लागला. रुंद मानेच्या फुग्यात मात्र ती अपुरी पडे. प्रवाहवळण स्टेंट मूळ धमनीतच बसतो; त्याच्या दाट जाळीमुळे फुग्यातील रक्त मंदावून गोठते. २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पाइपलाइन स्टेंटच्या चाचणीत सहा महिन्यांनी ७३.६ टक्के फुगे पूर्ण बंद आढळले, ५.६ टक्के रुग्णांना मात्र मोठा पक्षाघात वा मज्जासंस्थेच्या कारणाने मृत्यू आला. परिणामकारकता सहा महिन्यांनी सिद्ध होते. सुरक्षिततेची कसोटी पहिल्या दिवसापासून लागते.