शटरचं कूळ आणि मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं शटर बिघडलं, तर मात्र त्याचं कूळ आधी विचारावं. निम्मं निदान तिथेच होतं.

१८३९ मध्ये दागेरची पद्धत जगापुढे आली तेव्हा चित्र उमटायला कित्येक मिनिटं लागत. भिंगावरचं झाकण काढायचं, वेळ मोजायची, झाकण परत लावायचं. शटर लागतच नव्हतं. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचा सुचवल्या. पुढच्या दहाएक वर्षांत त्या इतक्या तेज झाल्या, की सेकंदाचा लहानसा अंशही पुरू लागला. तो हाताने साधणं अशक्य होतं. हे काम यंत्राकडे गेलं आणि शटरची दोन घराणी वाढली.

एक घराणं भिंगातलं. धातूच्या पातळ पात्या मधून उघडतात आणि मिटतात. म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल यांच्या कारखान्यातलं १९१२ चं ‘कॉम्पूर’ हे त्यातलं नामांकित. त्यात वेळ धरतात घड्याळासारखी दातेरी चाकं. म्हणून त्याचं दुखणंही घड्याळाचंच: जुनं तेल चिकट होतं, चाकं अडखळतात, तेल पात्यांवर पसरलं तर त्या एकमेकींना धरून बसतात. इथे वरून आणखी तेल सोडणं घातक. आधीचं तेल काढणं हाच उपाय.

दुसरं घराणं फिल्मच्या पुढ्यातल्या पडद्याचं. जर्मन छायाचित्रकार ऑटोमार आन्श्यूट्झ यांनी १८८० च्या दशकात ते रूढ केलं. पडद्यातली फट काचेसमोरून सरकते आणि तेवढ्यापुरता प्रकाश आत येतो. ऑस्कर बारनाक यांच्या पहिल्या नमुना-कॅमेऱ्यात शटर भरताना ही फट उघडीच राही, म्हणून भिंग झाकावं लागे. त्यातूनच घडलेल्या १९२५ च्या लायकात दोन पडदे भरताना एकमेकांवर चढू लागले आणि ती अडचण मिटली.

या पडद्यांची धाव नीट पाहा. पहिला सुटतो, दुसरा त्याच्या मागे निघतो. १/५०० सेकंदाला दोघांमधलं अंतर जेमतेम काही मिलिमीटर. पहिल्याच्या रुळात तेल घट्ट झालं, की दुसरा त्याला गाठू लागतो, फट वाटेतच अरुंद होते आणि फोटोची एक बाजू काळवंडते. पुरती मिटली, तर तिथे काहीच उमटत नाही. ज्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडतं तो फिल्म न भरता, झाकण उघडून उजळ भिंतीकडे धरला आणि शटर सोडलं, तर उजेड शेवटच्या कडेपर्यंत पोचतो की नाही ते दिसतं. अशा वेळी स्प्रिंग ताणण्याचा मोह टाळावा. ताणाने दोष झाकला जातो आणि जुन्या कापडावर ओढ वाढते. आधी रूळ स्वच्छ करावेत.

हे पडदे रबर चढवलेल्या कापडाचे. लायकात आड येणारा आरसा नाही. भिंग उन्हाकडे राहिलं, की सूर्य पडद्यावर एकवटतो आणि छिद्र पाडतो. फोटोत उजळ ठिपके दिसू लागले, तर भिंग काढून, मागची बाजू उघडत असेल तर, अंधाऱ्या खोलीत तिथून बॅटरी लावावी; छिद्रं चमकतात. एखादं बुजवता येतं, पण कापडच कडक झालं असेल तर पडदा बदलावा लागतो.

ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनने १९३२ च्या काँटॅक्समध्ये कापडाऐवजी धातूच्या पट्ट्या वापरल्या, पण त्यांना धरायला रेशमी फिती ठेवल्या. तिथे नजर आधी फितींवर जावी, कारण झिजतात त्याच.

१९३३ च्या लायका ३ मध्ये संथ वेगांसाठी वेगळी चाकं आणि पुढे वेगळी चकती आली. त्यामुळे १/५०० बिनचूक चालून एक सेकंद मध्येच अडकत असेल, तर पडद्यांना हात लावायचं कारण नाही. कुठला वेग बिघडलाय एवढं शांतपणे तपासलं, तर नव्वद वर्षांचं चांगलं यंत्र विनाकारण खोलावं लागत नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्याचं खरं कसब तिथेच आहे.