पागेतील मोतद्दार आणि अडथळ्यांच्या शर्यतीतील स्वार

मराठ्यांच्या घोडदळाचा अभ्यास करणाऱ्यास बारगीर आणि शिलेदार यांतील भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे. बारगीर मात्र सरकारच्या घोड्यावर बसे आणि वेतन घेई. इंग्लंडमधील अडथळ्यांच्या घोडशर्यतींचा विसाव्या शतकातील इतिहास वाचताना हा भेद वारंवार आठवतो. तेथील हौशी स्वार पुष्कळदा शिलेदार, तर धंदेवाईक जॉकी हा नेहमीच बारगीर. घोडा दुसऱ्याचा, बक्षिसाचा मोठा वाटा दुसऱ्याचा, आणि मोडणारे हाड तेवढे त्याचे स्वतःचे. या विषम वाटणीची जाणीव त्या समाजास केव्हा व कशी झाली, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

जॉकीची कारकीर्द बहुधा पागेत सुरू होई. कोवळ्या वयाचा मुलगा एखाद्या अश्वशिक्षकाकडे करारबद्ध उमेदवार म्हणून राही. पहाटे उठून ठाण साफ करणे, दाणापाणी, खरारा, आणि नेमून दिलेल्या घोड्यांची रपेट हा त्याचा दिनक्रम. सपाट मैदानावरील शर्यतींत वजनाची मर्यादा फार कडक असल्याने, वाढत्या वयात अंगाने भरलेल्या मुलांपुढे दोनच वाटा उरत: जन्मभर मोतद्दार राहणे, किंवा अडथळ्यांच्या शर्यतींकडे वळणे. तेथे घोड्यावरील किमान वजन दीर्घकाळ १० स्टोन, म्हणजे सुमारे ६३.५ किलो होते.

फ्रेड विंटर हे याचे ठळक उदाहरण होय. १९२६ साली जन्मलेल्या विंटरने १९४० मध्ये सपाट शर्यतीत पहिला विजय मिळविला. पुढे वजन वाढल्यामुळे तो अडथळ्यांकडे वळला. १९४८ मध्ये घोड्यावरून पडून त्याच्या पाठीचा कणा मोडला आणि सुमारे वर्षभर तो अंथरुणास व घरास खिळून राहिला. तरीही तो परतला, चार वेळा अग्रगण्य जॉकी ठरला, आणि १९५७ व १९६२ साली त्याने एन्ट्री येथील ग्रँड नॅशनल शर्यत जिंकली. परंतु इतिहासास यशस्वी माणसाचेच चरित्र सापडते, ही अडचण येथेही आहेच. कणा मोडूनही विंटर परतला. जे परतले नाहीत त्यांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर टिम ब्रुकशॉच्या चरित्रात मिळते. १९५९ च्या ग्रँड नॅशनलमध्ये दुसऱ्या फेरीत, बीचर्स ब्रुक या अडथळ्यापाशी त्याच्या एका बाजूची रिकीब तुटली. तोल राखण्यासाठी त्याने दुसरा पायही रिकिबीतून काढला आणि उरलेले आठ अडथळे रिकिबीवाचून पार केले. त्याचा घोडा विंडबर्ग केवळ दीड अश्वलांबीने दुसरा आला. या पराक्रमाची वाहवा पुष्कळ झाली. पण डिसेंबर १९६३ मध्ये पडून त्याच्या शरीराचा खालचा भाग लुळा पडला, तेव्हा त्याच्या पुढील आयुष्याची तरतूद करणारी पुरेशी व्यवस्था त्या धंद्यात नव्हती. काही महिन्यांतच, १९६४ च्या ग्रँड नॅशनलमध्ये, पॅडी फॅरेलचा कणा मोडला. या दोघांसाठी १९६४ साली जमविलेल्या निधीतूनच पुढे जखमी जॉकींचा कायमचा निधी उभा राहिला. त्याने २००९ मध्ये लॅम्बोर्न येथे पुनर्वसनकेंद्रही उघडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे संरक्षण आले ते हक्क म्हणून नव्हे, दान म्हणून. आणि दान आले ते अपघात लोकांच्या डोळ्यांदेखत झाला म्हणून. मोतद्दाराची इजा मात्र पहाटेच्या अंधारात, प्रेक्षकांवाचून होते. लाथ बसून मोडलेल्या बरगडीसाठी कोणी निधी उभारीत नाही. म्हणूनच त्याला निराळा मार्ग चोखाळावा लागला. १९७५ च्या उन्हाळ्यात न्यूमार्केट येथील मोतद्दारांनी वेतनवाढीसाठी संप केला. न्यूमार्केट हे सपाट शर्यतींचे केंद्र असले, तरी प्रश्न सर्व पागांचा होता. संपकरी प्रत्यक्ष धावपट्टीवर बसले. प्रेक्षक व संपकरी यांत हातघाई झाली. ज्यांना कोणी पाहत नव्हते, त्यांनी सर्वांच्या दृष्टीसमोर येण्यासाठी तीच जागा निवडली, हे अर्थपूर्ण आहे. या संपानंतर मोतद्दारांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली.

एकाच पागेतून निघालेल्या या दोन वाटा. जॉकीस सहानुभूतीतून आधार मिळाला, मोतद्दारास संघर्षातून. दोन्ही मार्गांनी मिळालेले लाभ खरे आहेत. त्यांतील एकास हीन लेखणे अन्यायाचे होईल. तथापि श्रमिकांच्या इतिहासाच्या अभ्यासकाने विजयस्तंभापाशी थांबू नये. शर्यत संपल्यावर घामेजलेला घोडा कोण फिरवीत होता, आणि त्याला वेतन किती मिळत होते, हेही त्याने विचारले पाहिजे. आपल्याकडील फौजांच्या इतिहासातही लढाया व सरदार यांची नावे विपुल आहेत. दाणागोटा पाहणाऱ्या मोतद्दाराचे नाव पागेच्या हिशेबात क्वचितच आढळते. ते शोधण्याचे काम अद्याप पुष्कळसे शिल्लक आहे.