भाईजानचा कागद

माझ्या थोरल्या मामेभावाला, म्हणजे भाईजानना, 2009 साली वयाच्या अडतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी ‘अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम’ असं लिहून दिलं. तोवर घरात त्यांची नावं वेगळी होती. तिरसट, एककल्ली, दावतीत न बोलता जेवून उठणारा. त्यांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत निकाहनाम्यासोबत ठेवला. 2013 मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-5 या सूचीतून ते नावच गेलं. सगळं ऑटिझमच्या एका मोठ्या छत्रीखाली आलं. भाईजाननी मला विचारलं, “मग मला दिलेलं नाव खोटं होतं का?”

मी भाषेचा मास्तर. शब्दापासून सुरुवात केली.

‘ऑटिझम’ ग्रीक ‘ऑटोस’वरून आला, म्हणजे ‘स्वतः’. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1910 च्या सुमारास तो वापरला, पण स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. पुढे तो मुलांकडे गेला. रशियातल्या ग्रुन्या सुखारेवा यांनी 1926 मध्ये जर्मन नियतकालिकात सहा मुलग्यांचं बारकाईने वर्णन केलं. त्याचं इंग्रजी भाषांतर व्हायला 1996 उजाडलं. नाव झालं ते अमेरिकेतल्या लिओ कॅनर यांचं. त्यांच्या 1943 च्या लेखात 11 मुलं होती. पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. तो मोठा झाला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, देशोदेशी फिरला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला. पण लोकांच्या मनातलं ऑटिझमचं चित्र लहान मुलाचंच राहिलं. मोठ्यांना त्यात जागाच नव्हती.

ती जागा केली लंडनच्या लॉर्ना विंग यांनी. त्या डॉक्टर होत्या आणि ऑटिझम असलेल्या मुलीची आईही. 1981 च्या त्यांच्या लेखातली माणसं 5 ते 35 वयाची होती. ‘ऑटिझम’ म्हटलं की लोकांना न बोलणारं मूलच आठवायचं, म्हणून व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्जरचा 1944 चा विस्मरणात गेलेला लेख पुढे आणून त्यांनी त्याचं नाव वापरलं. 1994 मध्ये ते डीएसएममध्ये गेलं. तिथून ते भाईजानच्या कागदावर आलं.

मराठीतला ‘स्वमग्नता’ हा शब्द मला पटत नाही. भाईजान मशिदीसाठी नमाजच्या वेळांचा वर्षभराचा तक्ता हाताने करतात, मिनिटाची चूक नसते. त्यात ‘स्व’ कुठे आहे? अर्थात वर्गात मीही एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असं तीन वर्षं लिहिलं आहे.

2018 मध्ये हेर्विग चेक या इतिहासकाराने व्हिएन्नातली जुनी कागदपत्रं प्रसिद्ध केली. नाझी काळात अ‍ॅस्पर्जरने काही मुलांना ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत पाठवलं होतं. तिथे अपंग, आजारी मुलांना मारलं जाई. हे भाईजानना सांगावं की नाही, यावर मी दोन महिने घोळ घातला. शेवटी सांगितलं.

त्यांनी एवढंच विचारलं, “तिथे एकूण किती मुलं?”

“नोंदीत 789.”

कागद त्यांनी फाडला नाही. निकाहनाम्याच्या पिशवीतून काढून वीजबिलांच्या फाइलमध्ये लावला.