अ‍ॅस्पिरिन आणि ताठरलेली त्वचा : एका फसलेल्या आशेचा इतिहास

१/ घरोघरी सापडणारी डोकेदुखीची गोळी त्वचा कठीण करणाऱ्या दुर्धर आजारावर चालेल काय? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधकांनी हा प्रश्न गांभीर्याने विचारला. त्यामागे दोन शतकांचा इतिहास आहे.

२/ नेपल्स, १७५३. वैद्य कार्लो कुर्त्सिओ यांनी १७ वर्षांच्या एका मुलीची कठीण, ताठ झालेली त्वचा नोंदवली. उपाय होते गरम दूध, वाफारा, रक्तमोक्षण आणि पारा. पुढे या व्याधीला स्क्लेरोडर्मा हे नाव मिळाले. तिच्या सर्वांगव्यापी प्रकारात फुप्फुसे व मूत्रपिंडेही ग्रासली जातात.

३/ १८६२ मध्ये पॅरिसच्या मोरिस रेनो यांनी थंडीने पांढरी-निळी पडणारी बोटे वर्णिली. हे लक्षण अनेकदा स्क्लेरोडर्माची पहिली चाहूल असते. म्हणजे रक्तवाहिन्यांचे दुखणे त्वचेच्याही आधीचे.

४/ आता गोळीकडे वळू. १७६३ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड स्टोन यांनी विलोच्या सालीचा ज्वरावरील गुण रॉयल सोसायटीला कळवला. १८९७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी अ‍ॅस्पिरिन शुद्ध रूपात तयार केले.

५/ ते काम कसे करते, हे मात्र १९७१ मध्ये लंडनच्या जॉन व्हेन यांनी उलगडले : अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते. रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटणेही त्याने कमी होते.

६/ येथे दोन्ही धागे जुळतात. स्क्लेरोडर्मात इजा झालेल्या रक्तवाहिन्यांत बिंबिका उत्तेजित होतात आणि त्यांतून पाझरणारी द्रव्ये तंतुमय ऊती वाढवतात. मग बिंबिकांनाच आवर घातला तर?

७/ अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये अ‍ॅस्पिरिन व डायपिरिडॅमोल यांची दुहेरी अंध चाचणी झाली. कोणाला औषध आणि कोणाला निष्क्रिय गोळी, हे रुग्णाला वा वैद्याला ठाऊक नव्हते. १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही.

८/ परंतु वाट तिथेच संपली नाही. १९७६ मध्ये व्हेन यांच्याच प्रयोगशाळेत रक्तवाहिन्या रुंदावणारे प्रोस्टासायक्लिन सापडले होते. त्याच्या धर्तीवर घडवलेले इलोप्रॉस्ट शिरेतून दिल्यास स्क्लेरोडर्माच्या रुग्णांतील रेनोचे झटके कमी होतात, असे १९९४ च्या अमेरिकी चाचणीत दिसले.

९/ १९८४ चा नकार म्हणूनच मोलाचा. अ‍ॅस्पिरिनने जठरात रक्तस्राव होऊ शकतो. निष्फळ उपचारापायी तो धोका रुग्णांनी का पत्करावा? कुर्त्सिओंचा पारा अशा कसोटीला कधी उतरलाच नव्हता. तर्क कितीही सुसंगत असो, तो रुग्णाच्या उपयोगी पडतो की नाही हे पडताळण्याची रीत वैद्यकाने या दोन शतकांत कमावली.