शब्दवेध : रफू

छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू शालीला भोक पडलं, तर ठिगळ चालत नाही; नक्षी मोडते. तिथे रफूच करावा लागतो. शालीच्याच दुमडीतून धागा काढायचा, बारीक सुईने आधी उभे धागे भरायचे, मग आडवा एकाखालून, दुसऱ्यावरून न्यायचा. जास्त ओढला, की कापड चुणतं.

‘रफू’ अरबीतून फारसीमार्गे आला. ‘गर’ म्हणजे करणारा, म्हणून रफूगर. मराठीचा जुना शब्द ‘तुणणे’. अमरकोशात शिंपी ‘तुन्नवाय’ आहे : ‘तुन्न’ म्हणजे टोचलेलं, फाटलेलं आणि ‘वाय’ म्हणजे विणणारा. रफू म्हणजे सुईने केलेलं विणकामच, हे त्या शब्दाला आधीच ठाऊक होतं. तुणणे मागे पडलं, रफू रुळला. हात बसला, की भोकच रफूचक्कर!